धोत्रा, चरस आणि आपली मुले

२०२३ च्या ऑगस्टमध्ये आमच्या दापोलीच्या किनाऱ्यावर समुद्राने चरसाची पाकिटे आणून टाकली. कर्दे, लाडघर, केळशी, कोळथरे अशा गावांतून कस्टमने गोळा केलेला माल अडीचशे किलोंच्या वर गेला. जो तो विचारू लागला, हे विष आले कुठून? मी पडलो इतिहासाचा मास्तर. माझ्या मनात आले, भूल पाडणारे पदार्थ कोकणाला नवे आहेत काय?

मुळीच नाहीत. गडग्याच्या कडेला उगवणारा धोत्राच घ्या ना! महाशिवरात्रीला आपण तो शंकराला वाहतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याचा औषधींवरील ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यात धोत्र्याची हकीकत आहे. चोरटे नोकर अन्नातून धोत्रा चारीत. खाणारा नुसता हसत बसे, आणि त्याच्या डोळ्यांदेखत दागिने लुटले जात. पुढे १९४३ साली स्वित्झर्लंडमध्ये आल्बर्ट हॉफमन यांना एलएसडीचा भ्रमकारी गुण कळला; हिप्पींबरोबर तीही गोव्याच्या किनाऱ्याला लागली.

फरक ध्यानात घ्या. त्या काळी ही भूल दुसऱ्याला फसवून द्यावी लागे. आज पंधरा-सोळा वर्षांचा मुलगा मित्रांच्या आग्रहाखातर ती आपल्या हाताने घेतो. ‘झाडपाल्याचेच तर आहे’, असे त्याला वाटते. पण धोत्र्याच्या विषाचे प्रमाण झाडागणिक बदलते. तोंडाला कोरड पडते, बाहुल्या विस्फारतात, ताप चढतो, घरची माणसे ओळखू येत नाहीत. प्रसंगी जीवही जातो. एलएसडीच्या अमलाखाली भय दाटते, उंचीचे वा रहदारीचे भान सुटते. चरसाने स्मरणशक्ती व अभ्यास मागे पडतो, आणि काही मुलांना मनोविकार जडतो. मेंदूची वाढ पंचविशीपर्यंत चालू असते, म्हणून या वयात धोका अधिक.

असे काही आढळले, तर घरात काय होते? ‘लोक काय म्हणतील’ आणि ‘पोलीस येतील’ या भीतीने दार लावून घेतले जाते. ते करू नका. मुलगा भ्रमात असेल, तर त्याला एकटे न सोडता तडक दवाखान्यात न्या. काय घेतले ते डॉक्टरांना उघड सांगा. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातही, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनाधीन माणसाला खटल्यापासून संरक्षण देणारे कलम आहे.

किनाऱ्यावरची पाकिटे कस्टमवाले उचलतील. घरातल्या मुलाची विचारपूस मात्र आपल्यालाच करायला हवी, आणि तीही न रागावता.