नीलबालकांचें प्रौढपण

कांहीं अर्भकें जन्मतःच निळसर असतात. रडतांना त्यांचे ओठ जांभळे पडतात. हृदयाची आकृति काढतांना शुद्ध व अशुद्ध रक्तामधील जी भिंत आम्ही मास्तर खडूनें ठसठशीत काढीत असूं, तिलाच या मुलांत भोंक असतें आणि फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद असते. मार्सेय येथील वैद्य फालो यांनीं 1888 सालीं या विकृतीच्या चार खुणा एकत्र मांडल्या. उपाय मात्र पुढें अर्धशतक कोणापाशीं नव्हता.

तो सुचला बाल्टिमोरच्या हेलन टॉसिग या बाईंना. त्यांना ऐकूं कमी येई. मुलांच्या छातीवर बोटें ठेवून त्या हृदयाची परीक्षा करीत. जन्मापूर्वींची एक रक्तवाहिनी उघडी असेतोंवर असें मूल तग धरतें, ती मिटली कीं अधिकच निळें पडतें, हें त्यांनीं हेरलें. तशीच वाट शस्त्रानें करावी, ही त्यांची कल्पना. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनीं 29 नोव्हेंबर 1944 रोजीं ती अमलांत आणली. पण कुत्र्यांवर ती आधीं साधली होती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय साहाय्यकांनीं. त्यांचें शिक्षण हायस्कुलापुरतेंच; कॉलेजसाठीं सांठविलेला पैसा मंदींत बँकेबरोबर बुडालेला. शस्त्रक्रियेच्या वेळीं ते ब्लॅलॉकांच्या पाठीशीं उभे राहून सूचना देत होते. निबंधावर त्यांचें नांव आलें नाहीं. विद्यापीठानें सन्माननीय पदवी दिली ती 1976 सालीं. मॅट्रिकवर आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला हें सांगितल्यावांचून पुढें जाववत नाहीं.

ही केवळ सोय होती. भोंक तसेंच राही. 1954 मध्यें मिनेसोटांत लिलेहाय यांनीं हृदय उघडून तें बुजविलें व वाटही रुंद केली. मुलें वांचूं लागलीं, शाळेंत जाऊं लागलीं, आणि ‘बरा झाला’ म्हणून घरच्यांनीं सुटकेचा श्वास सोडला. या शब्दानेंच घात केला. वाट रुंद करतांना तेथील झडप पुष्कळदां कापावी लागे. मग पुढें गेलेलें कांहीं रक्त दर ठोक्याला मागें येई. उजवा कप्पा हें ओझें वीस-तीस वर्षें निमूटपणें वाहतो, फुगत जातो, आणि पस्तिशींतला गृहस्थ जिना चढतांना मध्येंच थांबतो. तोंवर बालवैद्याकडील फेऱ्या केव्हांच सुटलेल्या असतात. छातीवरचा व्रण कशाचा, हेंही कित्येकांस नीटसें ठाऊक नसतें.

अशास नवी झडप लागते. पोर्टलंड येथें 1960 मध्यें शल्यवैद्य स्टार आणि निवृत्त यंत्रज्ञ एडवर्ड्स यांनीं पिंजऱ्यांतील गोळीची झडप प्रचारांत आणली होती. यांत्रिक झडप टिकाऊ. पण तिच्यावर रक्त गोठूं नये म्हणून वॉरफरिन जन्मभर घ्यावें लागतें. (हें औषध आधीं उंदीर मारण्यासाठीं विकलें जाई!) जनावरांच्या शरीरांतून घेतलेल्या झडपेस तें जन्मभर लागत नाहीं, पण ती झिजते व कांहीं वर्षांनीं बदलावी लागते. फुप्फुसाच्या वाटेवर बहुधा हीच बसवितात. 2000 सालीं पॅरिसमध्यें बॉनहोफर यांनीं अशी झडप छाती न उघडतां, शिरेंतून नळीनें नेऊन बसविली.

नवी झडप मिळालेला मनुष्य दांत काढण्यास जातो तेव्हां हृदयाची हकीगत बहुधा सांगत नाहीं; दांतांचा तिथें काय संबंध, असें त्यास वाटतें. हिरड्यांतील जंतु रक्तावाटें त्या झडपेवर जाऊन बसूं शकतात. म्हणून दांत काढण्यापूर्वीं जंतुनाशक औषध देतात.