सेन्सर मोठा की लेन्सचे तोंड मोठे? खिशात मावणाऱ्या दोन कॅमेऱ्यांची तुलना

बेंगळुरू : मोबाइलमधील कॅमेऱ्याने गेल्या दीड दशकात छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची बाजारपेठ जवळजवळ संपवली. जपानमधील ‘कॅमेरा अँड इमेजिंग प्रॉडक्ट्स असोसिएशन’ या उत्पादक संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० मध्ये जगभर असे १० कोटींहून अधिक कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते. २०२३ मध्ये ही संख्या सुमारे १७ लाखांवर आली. २०२४ मध्ये मात्र ती पुन्हा किंचित वाढली. जे छोटे कॅमेरे या पडझडीत तगले, त्यांतील अनेकांचा आधार एकच होता, तो म्हणजे मोबाइलपेक्षा मोठा सेन्सर.

त्यामुळे आज असा कॅमेरा घेऊ पाहणाऱ्याला सर्वत्र एकच सल्ला मिळतो : सेन्सर जितका मोठा, तितके छायाचित्र चांगले. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. एकाच वर्षी, म्हणजे २०१९ मध्ये, बाजारात आलेले दोन कॅमेरे शेजारी ठेवले की तो कुठे खरा ठरतो आणि कुठे लंगडा पडतो, हे स्पष्ट होते. त्यांपैकी एक आहे ‘एक इंची’ सेन्सरचा कॅनन पॉवरशॉट जी-७ एक्स मार्क थ्री आणि दुसरा एपीएस-सी सेन्सरचा रिको जीआर थ्री. ही तुलना बेंगळुरूतील नेहमीच्या विषयांच्या आधारे येथे मांडली आहे. मल्लेश्वरममधील शिलालेख, पेठेतील करगाची रात्र आणि लालबागेतील पुष्पप्रदर्शन हे ते विषय होत.

‘एक इंच’ म्हणजे नेमके किती?

‘एक इंची’ सेन्सरची कोणतीही बाजू एक इंचाची नसते. हा सेन्सर १३.२ मिलिमीटर रुंद व ८.८ मिलिमीटर उंच असतो. त्याचा कर्णही १६ मिलिमीटरच्या आसपास भरतो. हे नाव दूरचित्रवाणीच्या जुन्या कॅमेऱ्यांतील काचेच्या नळ्यांवरून आले. त्या काळी नळीचा बाहेरील व्यास सांगण्याची पद्धत होती आणि प्रत्यक्ष चित्र उमटणारा भाग त्याहून बराच लहान असे. नळ्या गेल्या, पण मोजणी तशीच राहिली.

एपीएस-सी हे नाव १९९६ मध्ये आलेल्या एका फिल्म पद्धतीवरून पडले. ती पद्धत फार टिकली नाही, मात्र त्या आकाराच्या जवळपासचा सेन्सर पुढे बहुसंख्य डीएसएलआर कॅमेऱ्यांत स्थिरावला. जीआर थ्रीमधील सेन्सर २३.५ बाय १५.६ मिलिमीटरचा आहे. क्षेत्रफळाच्या भाषेत सांगायचे, तर कॅननचा सेन्सर सुमारे ११६ चौरस मिलिमीटर, तर रिकोचा सुमारे ३६७ चौरस मिलिमीटर. म्हणजे तिपटीहून थोडा अधिक. जुन्या स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत आढळणारा १/२.३ इंची सेन्सर जेमतेम २८ चौरस मिलिमीटरचा होता, हे लक्षात घेतले म्हणजे या दोन्ही कॅमेऱ्यांची झेप कळते.

परात आणि वाटी

छायाचित्र प्रकाशातून घडते आणि प्रकाश जितका अधिक गोळा होईल, तितकी चित्रातील रवाळ खरखर, म्हणजे नॉइज, कमी दिसते. पावसात अंगणात एक परात आणि एक वाटी ठेवली, तर परातीत अधिक पाणी साठते, कारण तिचे तोंड रुंद असते. मोठ्या सेन्सरचा फायदा असाच आहे. परंतु पाऊस किती जोराचा आहे, हे परात ठरवत नाही. कॅमेऱ्यात ते काम लेन्सच्या उघडझापीचे, म्हणजे ॲपर्चरचे असते. रिमझिम पावसातील परात आणि मुसळधार पावसातील वाटी यांच्यात साठलेल्या पाण्याचा फरक पुष्कळ कमी होऊ शकतो.

या दोन कॅमेऱ्यांत नेमके हेच घडते. रिकोचे लेन्स एकाच दृष्टिकोनाचे आहे. जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या हिशेबात ते २८ मिलिमीटर ठरते आणि जास्तीत जास्त एफ/२.८ पर्यंत उघडते. कॅननला झूम आहे. त्याच हिशेबात ते २४ ते १०० मिलिमीटरपर्यंत जाते. रुंद टोकाला ते एफ/१.८ पर्यंत, तर दूरच्या टोकाला एफ/२.८ पर्यंत उघडते. आकडा लहान तितके छिद्र मोठे, हा येथील नियम आहे. एफ/१.८ वर सेन्सरच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर एफ/२.८ च्या सुमारे २.४ पट प्रकाश पडतो.

आता दोन्ही बाजू एकत्र मांडू. रिकोचे क्षेत्रफळ ३.२ पट आणि कॅननचा प्रकाशाचा जोर २.४ पट. समान शटरवेग धरला, तर रुंद टोकाला रिकोची एकूण आघाडी उरते ती अवघी १.३ पट. कॅननचे झूम थोडे पुढे सरकवले की त्याचे छिद्र आकसते आणि ही आघाडी काहीशी वाढते. तरीही सेन्सरच्या आकारावरून अपेक्षित असलेली तिप्पट काही मिळत नाही.

दूरचा विषय आला की

खरा उलटफेर विषय दूर गेल्यावर होतो. रिकोला झूम नाही. त्यात ३५ आणि ५० मिलिमीटरच्या दृष्टिकोनांची सोय आहे, पण ती चित्राच्या कडा कापून साधलेली आहे. पूर्ण चित्र २४ मेगापिक्सेलचे असते. ३५ मिलिमीटरला सुमारे १५, तर ५० मिलिमीटरला सुमारे ७ मेगापिक्सेल उरतात. कडा कापल्या म्हणजे सेन्सरचा तेवढा भाग वापरातून बाद झाला.

हा हिशेब पुढे नेला की चित्र असे दिसते :

२८ मिलिमीटर : रिकोचा सेन्सर पूर्ण, म्हणजे ३६७ चौरस मिलिमीटर वापरात.

५० मिलिमीटर : रिकोचा वापरातील भाग सुमारे ११५ चौरस मिलिमीटर. कॅननचा पूर्ण सेन्सर ११६ चौरस मिलिमीटर. दोघे समसमान, मात्र कॅननकडे २० मेगापिक्सेल, रिकोकडे ७.

१०० मिलिमीटर : रिकोच्या चित्रातून संगणकावर तेवढाच तुकडा कापला, तर वापरातील भाग सुमारे २९ चौरस मिलिमीटर आणि तपशील दोन मेगापिक्सेलहून कमी. कॅननकडे पूर्ण सेन्सर, पूर्ण २० मेगापिक्सेल आणि चौपट प्रकाश.

थोडक्यात, खोक्यावर छापलेला सेन्सरचा आकार २८ मिलिमीटरलाच पूर्ण लागू असतो. ५० मिलिमीटरला एपीएस-सी कॅमेरा ‘एक इंची’ होतो आणि १०० मिलिमीटरला तो जुन्या स्वस्त कॅमेऱ्याच्या पंक्तीला बसतो. सात मेगापिक्सेल निरुपयोगी नाहीत. त्यांतून सुमारे ११ बाय साडेसात इंचांची स्वच्छ छपाई निघते. त्यापुढे मात्र उणीव दिसू लागते.

दिवसा अधिक फायदा

मोठा सेन्सर रात्रीसाठी घ्यावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. या जोडीपुरते तरी चित्र वेगळे आहे. रात्री कॅननचे मोठे छिद्र सेन्सरची उणीव बरीचशी भरून काढते. भर उन्हात मात्र छिद्र पूर्ण उघडण्याची गरजच नसते. तेव्हा प्रकाशाचा तुटवडा नसतो, सेन्सर प्रकाशाने भरून ओसंडू नये, हा प्रश्न असतो. अशा वेळी ज्याची साठवण मोठी, तोच पुढे. उजळलेले आकाश आणि झाडाखालची दाट सावली एकाच चित्रात असतील, तर सावलीतील तपशील नंतर उजळताना रिकोची फाइल अधिक स्वच्छ राहते.

बेंगळुरूतील तीन विषय

मल्लेश्वरमचा शिलालेख : काडु मल्लेश्वर देवस्थानाला व्यंकोजी राजांनी गावाचे दान दिल्याची नोंद असलेला १६६९ चा शिलालेख मराठी वाचकांना विशेष जवळचा आहे. मल्लेश्वरम या नावाचे मूळ त्यातील मल्लापूर या उल्लेखात शोधले जाते. झिजलेल्या अक्षरांचे छायाचित्र घेताना तिरपा प्रकाश, स्थिर कॅमेरा आणि कडेपर्यंत सारखी राहणारी स्पष्टता लागते. विषय हलत नाही आणि छायाचित्रकाराला जवळ जाता येते. मोठा सेन्सर आणि एकाच दृष्टिकोनासाठी घडवलेले लेन्स यांची येथे सरशी होते.

करगाची रात्र : चैत्र पौर्णिमेला तिगळरपेटेतील धर्मराय स्वामी मंदिरातून करगाची मिरवणूक निघते आणि पेठेच्या अरुंद गल्ल्यांतून रात्रभर फिरते. तवक्कल मस्तान दर्ग्यातील तिची भेट ही शहराच्या सलोख्याची जुनी खूण मानली जाते. गर्दी अंगावर येते, अंतर हाताएवढे राहते आणि प्रकाश क्षणोक्षणी बदलतो. रिकोमध्ये फोकसचे अंतर आधीच ठरवून ठेवण्याची ‘स्नॅप फोकस’ ही सोय आहे. अंतर दोन मीटर ठरवले की बटण दाबताच कॅमेरा फोकस न शोधता चित्र टिपतो. मात्र हेच दृश्य एखाद्या गच्चीवरून टिपायचे असेल, तर झूम नसलेला कॅमेरा जवळजवळ निरुपयोगी ठरतो. दोन्ही कॅमेऱ्यांत हात हलल्याचा परिणाम सावरणारी यंत्रणा आहे. पण ती नाचणाऱ्या पावलांना थांबवू शकत नाही. त्यासाठी वेगवान शटरच लागते.

लालबागेतील पुष्पप्रदर्शन : प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिनाच्या सुमारास १८८९ च्या काचघरात भरणाऱ्या प्रदर्शनात दोरीपलीकडे जाता येत नाही. संपूर्ण सजावटीसाठी २४ मिलिमीटर आणि एखाद्या फुलासाठी १०० मिलिमीटर एकाच जागेवरून मिळावेत, ही गरज कॅनन भागवतो. घरच्या माणसाचा चेहरा पार्श्वभूमीपासून वेगळा उठवायचा असेल, तेव्हाही लहान सेन्सरचा कॅमेराच पुढे राहतो. दूरच्या टोकाला त्याच्या छिद्राचा प्रत्यक्ष व्यास सुमारे १३ मिलिमीटर होतो, तर रिकोचा साडेसहा मिलिमीटरच्या आसपास असतो. पार्श्वभूमी किती विरघळेल, हे मुख्यतः त्या व्यासावर अवलंबून असते. तलावावरील पक्ष्यांसाठी मात्र दोन्ही कॅमेरे अपुरे आहेत.

हाताळणीतील फरक

बॅटरी व कार्डासह रिकोचे वजन सुमारे २५७ ग्रॅम, तर कॅननचे सुमारे ३०४ ग्रॅम आहे. जाडीतील फरक अधिक जाणवतो. रिको सदऱ्याच्या किंवा विजारीच्या खिशात सहज बसतो. कॅनन पिशवीत अधिक शोभतो. दोघांनाही डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर नाही, त्यामुळे भर उन्हात पडदा पाहताना अडचण होते. कॅननचा पडदा वर उलटून समोरून दिसतो, रिकोचा स्थिर आहे. कॅननमध्ये फ्लॅश अंगचाच आहे. रिकोमध्ये तो नाही, पण बाहेरचा फ्लॅश बसवण्याची खाच आहे.

चित्रफितीच्या बाबतीत स्पर्धा एकतर्फी आहे. कॅनन फोर-के चित्रण करतो आणि त्याला बाहेरचा मायक्रोफोन जोडता येतो. रिको फुल एचडीवर थांबतो. दोघांची बॅटरी एका भारात दोनशेच्या थोडी पुढेमागे छायाचित्रे देते. दिवसभर फिरणाऱ्याने दुसरी बॅटरी जवळ ठेवणे इष्ट. पाऊस व धूळ यांपासून संरक्षण दोघांनाही नाही. लेन्स निघत नसल्याने आत शिरलेली धूळ घरी पुसता येत नाही. ती सेवा केंद्रातच काढून घ्यावी लागते. बांधकामांच्या धुळीने भरलेल्या शहरात ही बाब किरकोळ नाही.

निवड कशी करावी?

रिकोने २०२५ मध्ये जीआर फोर बाजारात आणला. त्यातही एपीएस-सी सेन्सर आणि २८ मिलिमीटर एफ/२.८ हीच रचना कायम असल्यामुळे वरील हिशेब त्यालाही लागू पडतो. ४० मिलिमीटरचा जीआर थ्री-एक्स २०२१ पासून उपलब्ध आहे; २८ मिलिमीटर फार रुंद वाटणाऱ्यांसाठी तो मधला मार्ग आहे. जुना कॅमेरा घेताना लेन्स आत-बाहेर सुरळीत होते का, ते पाहावे आणि एफ/११ किंवा एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचे एक छायाचित्र घेऊन ते मोठे करून तपासावे. सेन्सरवर धूळ असेल, तर काळसर ठिपके लगेच दिसतात. देशांतर्गत हमीपत्र आणि बिल यांचा आग्रह धरावा.

कॅमेरा निवडण्यापूर्वी एक साधी चाचणी प्रत्येकाला विनाखर्च करता येते. मोबाइलमध्ये गेल्या वर्षभरात घेतलेली, जपून ठेवावीशी वाटलेली शंभर छायाचित्रे चाळावीत. त्यांतील किती झूम न करता घेतली आणि किती बोटांनी पडदा ताणून, हे मोजावे. बहुतेक चित्रे जवळ जाऊन, रुंद चौकटीत घेतलेली असतील, तर मोठ्या सेन्सरसाठी मोजलेले पैसे पूर्ण वसूल होतील. निम्म्याहून अधिक चित्रे झूम करून घेतलेली असतील, तर मोठ्या सेन्सरचा बराचसा भाग कापून फेकण्यासाठीच विकत घेतल्यासारखे होईल. अशा खरेदीदाराला ‘एक इंची’ सेन्सर आणि त्यापुढचे झूम अधिक प्रकाश देतील.