मैदानी क्रीडामापन

मैदानी क्रीडामापन : खेळाडूचा वेग, दमसास, उडी, हृदयगती आणि श्रमाचा भार प्रयोगशाळेत न नेता, तो जेथे सराव करतो किंवा स्पर्धेत उतरतो तेथेच उपकरणांनी मोजण्याची पद्धती. प्रयोगशाळेत तापमान, चढ आणि ट्रेडमिलचा वेग स्थिर राखता येतो, परंतु वारा, वळणे आणि प्रतिस्पर्धी तेथे नसतात. मैदानावर हे सारे मिळते, पण नियंत्रण सुटते. म्हणून उपकरणाची चूक किती, हा या पद्धतीतील कळीचा प्रश्न ठरतो.

पूर्वपीठिका : उच्छ्वासातील हवा साठवून शरीराने वापरलेला ऑक्सिजन मोजण्यासाठी ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक डग्लस यांनी 1911 मध्ये पाठीवर बांधता येणारी पिशवी वापरात आणली. अमेरिकेतील केनेथ कूपर यांनी 1968 मध्ये 12 मिनिटांत कापलेल्या अंतरावरून दमसासाचा अंदाज बांधण्याची चाचणी मांडली, तर लेजे आणि लांबेर यांनी 1982 मध्ये 20 मीटर अंतरावर ध्वनिसंकेतांच्या वाढत्या गतीने ये-जा करण्याची चाचणी सुचविली. तिच्यातूनच पुढे आलेल्या यो-यो चाचणीत प्रत्येक 40 मीटरनंतर 10 सेकंदांची विश्रांती असते. भारतीय क्रिकेट संघाच्या निवडीत 2017 मध्ये पात्रतेसाठी धरलेली 16.1 ही पातळी म्हणजे एकूण 1,120 मीटर धाव होय.

वेळमापन : बर्मिंगहॅम येथील 2022 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत बीड जिल्ह्यातील अविनाश साबळे याने 3,000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटे 11.20 सेकंदांत पूर्ण करून रौप्यपदक मिळविले. सुवर्णविजेता त्याच्या केवळ 0.05 सेकंद पुढे होता. घड्याळाची कळ दाबणाऱ्या पंचाच्या प्रतिक्रियेलाच याहून अधिक वेळ लागतो, म्हणून असा निकाल अंतिम रेषेवरील स्वयंचलित कॅमेऱ्यावरूनच लावावा लागतो. मुंबई मॅरेथॉनसारख्या गर्दीच्या शर्यतीत धावपटूजवळची चिप मार्गावरील पट्ट्यांवर नोंदली जाते आणि त्यामुळे प्रारंभरेषा उशिरा ओलांडणाऱ्यालाही स्वतःची खरी वेळ कळते.

स्थान आणि हालचाल : अमेरिकेने जीपीएस संकेतांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची घट मे 2000 मध्ये काढून टाकल्यावर उपग्रहाधारित मापन खेळांत रुजू लागले. खेळाडूच्या पाठीवरील बंडीत बसविलेले यंत्र सेकंदाला साधारण 10 वेळा स्थान नोंदवते. लांब धावेत हे पुरते, मात्र झटकन वळताना चूक वाढते. पुरुषांच्या कबड्डीचे मैदान 13 मीटर लांब आणि 10 मीटर रुंद असते, चढाई 30 सेकंदांची असते आणि सामने बहुधा छताखाली होतात. तेथे उपग्रहाचा संकेत नीट पोहोचत नसल्याने त्वरण मोजणारे संवेदक किंवा कॅमेरे अधिक उपयोगी ठरतात.

हृदयगती : छातीवरील पट्टा हृदयाचे विद्युत्संकेत टिपतो, तर मनगटावरील घड्याळ त्वचेखालील रक्तप्रवाहाने बदलणाऱ्या प्रकाशावरून गती काढते, हात जोराने हलत असताना दुसऱ्या पद्धतीत चूक अधिक होते. उन्हात तीच धाव तितक्याच वेगाने धावतानाही हृदयगती चढते, म्हणून माळव्यात डिसेंबरच्या सकाळी आणि मे महिन्याच्या दुपारी घेतलेले आकडे सरसकट शेजारी ठेवता येत नाहीत.

मोबाइल कॅमेरा : धार जिल्ह्यातील सरदारपुरासारख्या तालुक्याच्या गावी महागडी यंत्रणा नसली, तरी सेकंदाला 240 चौकटी टिपणाऱ्या मोबाइलवरून उडीची उंची काढता येते. पाय जमीन सोडल्यापासून टेकेपर्यंतच्या काळाचा वर्ग करून त्याला गुरुत्वत्वरणाने गुणावे आणि 8 ने भागावे. अर्धा सेकंद हवेत राहिलेल्या खेळाडूची उडी यानुसार सुमारे 31 सेंटिमीटर भरते. उडताना आणि टेकताना शरीराची ठेवण सारखी असावी लागते, कारण गुडघे वाकवून टेकल्यास उंची फुगते. एका चौकटीची चूक म्हणजे सुमारे अर्धा सेंटिमीटर. त्यामुळे एका उडीत दिसलेली सेंटिमीटरभर वाढ ही प्रगती न मानता, त्याच पृष्ठभागावर, त्याच वेळी घेतलेल्या अनेक उड्यांची सरासरी तपासूनच प्रशिक्षकाने सरावाचा भार बदलणे योग्य ठरते.