तळटीप : दगडी जोत्याचे घर
* चिंचणीसारख्या उत्तर कोकणातील किनारी गावांतले जुने शेतघर मुख्यतः जोत्यावर टिकते. काळ्या बेसाल्टचे घडीव दगड चुन्यात बसवून ते उंच बांधत, कारण पावसाळ्यात अंगणात पाणी साचे. छपराचा भार भिंतींवर नसून सागवानी खांब-तुळयांवर असे. ब्रिटनमधल्या दगडी शेतघरांत मात्र तो जाड भिंतीच पेलतात. म्हणूनच आपल्याकडे भिंत कारवीच्या कुडाची, शेणामातीने लिंपलेली असली तरी चाले. नळीच्या कौलांची जागा पुढे मंगलोरी कौलांनी घेतली. बासेल मिशनने त्यांचा कारखाना १८६५ मध्ये मंगळुरात काढला. अशा जोत्याच्या सांध्यांत कृपा करून सिमेंट भरू नका. चुना ओल बाहेर सोडतो, सिमेंट ती आत कोंडते आणि खांबांचे बुंधे कुजतात.