घुमटाखालची माती

गोल खड्डा खणायचा. कडेने दगडाची भिंत चढवायची. मग तोच खड्डा पुन्हा मातीने भरायचा, मातीला वरून घुमटाचा आकार द्यायचा आणि त्यावर काँक्रीट ओतायचे. ते आवळले की आतली सगळी माती खालच्या तोंडातून घमेल्याघमेल्याने बाहेर काढायची. सेंटरिंगच्या फळ्या नकोत, लोखंडी साचा नको. नेपाळच्या डोंगरात गोबर गॅसचे संयंत्र असे बांधतात. कार्बन क्रेडिटच्या जगात नेपाळने जे स्थान मिळवले, त्याची सुरुवात मला या घमेल्यात दिसते.

नेपाळमधले पहिले संयंत्र १९५५ साली काठमांडूजवळ गोदावरीच्या सेंट झेवियर्स शाळेत फादर सोबोल यांनी जुन्या पिंपांतून उभे केले. सत्तरच्या दशकात तरंगत्या लोखंडी टाकीचा भारतीय नमुना तिथे पोचला. आपल्याकडे सपाटीवर ट्रॅक्टरमधून आणलेली ती टाकी तिथे चढावर न्यायची कशी? शिवाय ती गंजायची. १९७७ मध्ये गोबर गॅस कंपनी निघाली, बुटवल शहरातल्या तंत्रज्ञांनी स्थिर घुमटाचे प्रयोग केले आणि त्यातून ‘जीजीसी २०४७’ हा नमुना पक्का झाला. २०४७ हे विक्रम संवत, म्हणजे इसवी सन १९९०.

१९९२ मध्ये डच संस्था एसएनव्हीच्या साहाय्याने बायोगॅस साहाय्य कार्यक्रम सुरू झाला. पुढे जर्मन विकास बँकेचा पैसा आला, आणि १९९६ मध्ये सरकारने वैकल्पिक ऊर्जा प्रवर्धन केंद्र स्थापन केले. या मंडळींनी एक गोष्ट फार विचाराने केली. अनुदान दिले, पण नमुना एकच ठेवला आणि बांधणारे अनेक. खासगी कंपन्या आपसांत स्पर्धा करत. मात्र मिस्त्री प्रशिक्षित हवा, माप ठरल्याप्रमाणे हवे आणि बांधून झाल्यावर काही वर्षे दुरुस्तीची हमी हवी. बांधलेल्यांपैकी काही संयंत्रे निवडून तपासली जात. खोट निघाली की कंपनीला दंड. मालक कोण, गाव कोणते, संयंत्र किती घनमीटरचे, बांधले कोणी, हे सगळे नोंदवले जाई. सहा घनमीटरच्या संयंत्राला रोज सुमारे ३६ किलो शेण आणि तितकेच पाणी लागते. कोणत्या गोठ्याला कोणते माप झेपेल, ते आधी पाहूनच बांधकामाला हात लागे.

कार्बनचा बाजार तेव्हा नव्हता. त्या बाजाराचा पाया असलेला क्योटो करार अमलात आला फेब्रुवारी २००५ मध्ये. तेव्हा बहुतेक देशांत क्षमता बांधणीच्या नावाने कार्यशाळा भरत होत्या. नेपाळकडे मात्र तपासणाऱ्यापुढे ठेवता येईल अशी यादी आधीच होती. कार्बन क्रेडिट, म्हणजे टाळलेल्या उत्सर्जनाचा विकता येणारा दाखला, हा शेवटी पुराव्याचा व्यवहार. संयंत्र नसते तर या घरात किती लाकूड आणि रॉकेल जळाले असते, संयंत्र आज चालू आहे का, हे दाखवावे लागते. डिसेंबर २००५ मध्ये क्योटोच्या यंत्रणेत नेपाळच्या दोन प्रकल्पांची नोंदणी झाली, दोन्ही मिळून १९ हजारांवर संयंत्रांची. क्रेडिट्सचा खरेदीदार होता जागतिक बँकेचा सामुदायिक विकास कार्बन निधी. त्याच वर्षी या कार्यक्रमाला अॅशडेन पुरस्कारही मिळाला.

आणि त्याच सुमारास दार बंद झाले. जळाऊ लाकूड वाचवणे म्हणजे जंगलतोड टाळणे, आणि टाळलेल्या जंगलतोडीला क्योटोच्या यंत्रणेत जागा नव्हती. म्हणून लाकडाऐवजी दुसरे इंधन देणाऱ्या छोट्या प्रकल्पांसाठी उत्सर्जनातली बचत मोजण्याची जी पद्धत होती, ती काढून घेतली गेली. नोंदलेले दोन प्रकल्प वाचले, मागची हजारो संयंत्रे अडकली. नवी पद्धत आली २००८ च्या फेब्रुवारीत. मला हा अन्याय आजही खुपतो. जिथे चूल लाकडावरच पेटते, त्या गरीब देशांनाच नियमाने बाहेर ठेवले, आणि मोठ्या कारखान्यांतले वायू जाळून मिळणारी क्रेडिट्स मात्र त्या काळात भरभरून वाटली जात होती.

बांधकाम थांबले नाही. दशक संपता संपता संयंत्रे दोन लाखांच्या पुढे गेली. वैकल्पिक ऊर्जा केंद्राने कार्बनचे काम पाहणारा स्वतःचा विभाग उभा केला, लघुजलविद्युत आणि सुधारित पाणचक्क्याही या वाटेवर आणल्या. २०१३ च्या जानेवारीत गोबर गॅसचा मोठा, पुढे वाढवता येणारा कार्यक्रम नोंदला गेला. तेव्हा युरोपचा बाजार नव्या प्रकल्पांपैकी फक्त अतिअविकसित देशांची क्रेडिट्स घेणार होता, त्यामुळे नेपाळसाठी वाट मोकळी होती; पण भाव टनाला एका युरोच्याही खाली घसरला होता.

या व्यवहारात घरमालकिणीच्या हाती रोकड येत नाही. कार्बनचा हक्क ती केंद्राला देते आणि पैसा कार्यक्रमात परततो. तिच्या वाट्याला येते ती धूर नसलेली शेगडी आणि लाकडाच्या मोळीतून सुटका. म्हणूनच पाहणीला आलेला माणूस यादीतला क्रमांक ताडून पाहतो, तेव्हा स्वयंपाकघरात जाऊन आधी तिलाच विचारतो: बर्नर पेटवून दाखवता का?