गॅरेजमधला जुना फ्रिज



तुमचा फ्रिज गॅरेजमध्ये का, असं घरी पहिल्यांदा येणारी प्रत्येकजण विचारते. 1991 साली सासऱ्यांनी तो आणला, तेव्हा सासूबाईंनी त्याला चौक्यात तर नाहीच, उंबऱ्याच्या आतसुद्धा येऊ दिलं नाही. बावीस अभक्ष्यांत गारा आहेत आणि गार म्हणजे बर्फच, हे त्यांचं म्हणणं. शिवाय पिठाची मर्यादा हिवाळ्यात 7, उन्हाळ्यात 5 आणि पावसाळ्यात 3 दिवस. कपाटात गार ठेवलं म्हणून ती वाढत नाही. "फ्रिज आला की शिळं खायची सवय लागते," असं त्या म्हणायच्या, आणि ते काही खोटं नाही. मग तो पत्र्याच्या गॅरेजमध्ये गेला. पाहुण्यांचं पाणी आणि एखादं औषध, एवढंच त्याचं काम.

गेली तीन वर्षं त्यात सासूबाईंचं इन्सुलिन असतं. ते 2 ते 8 अंशांत राहावं लागतं, आणि गोठूनही चालत नाही. यंदा मे महिन्यात एका दुपारी हात घातला तर डबी कोमट लागली. इन्सुलिन लगेच शेजारी हलवलं. मेकॅनिक आला, कॉम्प्रेसरला हात लावून चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि म्हणाला, "वहिनी, हा गेला. भंगारात द्या." मला ते पटेना. कारण पहाटे त्याच फ्रिजमधलं पाणी छान गार असायचं. कॉम्प्रेसर गेला असता तर पहाटेही तो गेलेलाच असता ना?

हे कोडं मला फ्रिजच्या इतिहासाने सोडवून दिलं.

आपल्याकडे गारवा आधी जहाजाने आला. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर थंडीत गोठलेल्या तळ्यांमधला बर्फ कापून, भुशात दाबून विकायचा. 1833 साली त्याने 180 टन बर्फ कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळला, तरी 100 टनांच्या आसपास पोचला! पुढच्याच वर्षी मुंबईला आला. मद्रासचं बर्फघर तर अजून उभं आहे, आज ते विवेकानंदांच्या नावाने ओळखलं जातं. या धंद्यात गारवा खरोखर बाहेरून आत आणला जात होता.

यंत्राचं तसं नाही, आणि माझी इतकी वर्षं इथेच चूक होत होती. फ्रिज गारवा तयार करत नाही, तो आतली उष्णता बाहेर नेऊन टाकतो. माठात पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं, तसंच. फरक इतकाच की फ्रिजमध्ये उडालेला वायू वाया जाऊ देत नाहीत. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तो तापतो, मागच्या काळ्या जाळीत आपली उष्णता खोलीच्या हवेला देतो, द्रव होतो आणि पुन्हा आत जातो. खोलीची हवाच तापलेली असेल तर तो उष्णता देणार कुणाला?

1927 साली अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकचा जो फ्रिज गाजला, त्याचा कॉम्प्रेसर आणि ती जाळी डोक्यावर गोल डब्यासारखी उघडी होती. दिसायला बेढब, पण चारही बाजूंनी वारा. पुढे दिसायला बरं म्हणून जाळी पाठीमागे गेली, आणि आपण ती भिंतीला चिकटवली. 1958 साली गोदरेजने भारतात पहिला फ्रिज बनवला, तोवर घराघरांतल्या फ्रिजची हीच ठेवण झाली होती.

भंगाराबद्दलही सांगायला हवं. सुरुवातीच्या फ्रिजमध्ये सल्फर डायऑक्साइडसारखे विषारी वायू असत. 1928 मध्ये थॉमस मिजली आणि त्याच्या सोबत्यांनी माणसाला न बाधणारा फ्रिऑन शोधला. त्याने वर ओझोनचा थर विरतो हे 1974 साली मांडलं गेलं आणि 1987 च्या मॉन्ट्रियल करारात त्याचा वापर कमी करायचं ठरलं. आमच्या 1991 च्या फ्रिजच्या पाटीवर आर-12 लिहिलंय, म्हणजे तोच वायू. भंगारवाला नळी कापणार आणि तो मोकळा सोडणार. वायुकायिक जीवांचा विचार करणाऱ्या घराला हे कसं रुचावं?

मग मी पेल्यात पाणी भरून त्यात थर्मामीटर ठेवला. पहाटे 6 ला 5 अंश, दुपारी 3 ला 14. त्या वेळी पत्र्याखाली 44 अंश होते. नव्या फ्रिजवर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो: एन म्हणजे 32 अंशांपर्यंत, एसटी 38 आणि टी 43 पर्यंत. म्हणजे टी वर्गाचा नवा फ्रिजसुद्धा आमच्या गॅरेजमध्ये रडला असता.

प्लग काढून फ्रिज पुढे ओढला. मागच्या उबेला कोळी आणि मुंग्या वस्तीला होत्या. घाई केली नाही. जाळी पूर्ण गार झाल्यावर, दुसऱ्या दिवशी मऊ कुंचल्याने एकेकाला यत्नाचाराने बाजूला केलं आणि मग बोटभर धूळ काढली. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावलं तर खालच्या कोपऱ्यात ती सुळकन निघाली. रबर बदललं. भिंतीपासून वीतभर अंतर ठेवलं. फ्रीझरमधला बर्फाचा थर वितळू दिला (सुरी कधीही लावू नका, नळी फुटते). दुपारचा आकडा 14 वरून 10 वर आला. इन्सुलिनला तेवढं पुरत नाही.

आता बिघाड यंत्रात उरलाच नव्हता, जागेत होता. मी थर्मामीटर आणि वहीतले आकडे सासूबाईंपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही रकाने वाचले. सामायिक झाल्यावर मला हाक मारली आणि म्हणाल्या, "उत्तरेच्या पडवीत ठेव. पण बर्फाचे ट्रे काढून टाक."

ट्रे काढले. पडवीत दुपारी 6 अंश असतात.