स्मृतीला लागणारी वीज

मराठी संगणकाचा इतिहास सांगताना आपण साधारणतः लिपीचाच इतिहास सांगतो. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेली सी-डॅक, १९९१ चे 'इस्की' मानक, पुढे आलेले युनिकोड, टंकांचे आणि कळफलकांचे वाद हे त्याचे ठरलेले टप्पे. या कथनात एक गोष्ट न बोलता गृहीत धरलेली असते, ती म्हणजे यंत्राला वीज आहे. परभणीसारख्या जिल्ह्यातून पाहू लागले, की हे गृहीतकच इतिहासाचा विषय बनते. 'वीज आहे' आणि 'वीज पुरेशी आहे' ही दोन निराळी विधाने आहेत, हे मराठवाड्याला कुणी शिकवावे लागत नाही.

१९५६ पर्यंत परभणी हैदराबाद राज्यात होती. राज्य पुनर्रचनेत ती मुंबई राज्यात आली, आणि महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले ते २० जून १९६० रोजी. जिंतूर तालुक्यात पूर्णेवर येलदरीचे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. तिथल्या जलविद्युत केंद्राची क्षमता साडेबावीस मेगावॅट. शेजारच्या बीड जिल्ह्यात परळीचे औष्णिक केंद्र १९७१ पासून चालू झाले. म्हणजे वीज दाराशीच निर्माण होत होती. पण वीज जवळच्या गावाच्या मालकीची नसते. ती जाळ्यात जाते आणि वाटपाच्या नियमाने परत येते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत हा नियम वीजगळती आणि वसुलीवर बेतलेल्या गटांचा झाला, आणि ग्रामीण भागाच्या वाट्याला दिवसाचे कित्येक तास अंधार आला. पुढे २०१३ आणि २०१५ च्या दुष्काळांत तर पाण्याअभावी परळीचे संच बंद ठेवावे लागले. मेगावॅटचा आकडा उगमाची कहाणी सांगतो. वाहिनीच्या शेवटच्या टोकाला काय पोचते, ते सांगत नाही.

त्या टोकाचे गणित साधे आहे. तारेतून प्रवाह जितका अधिक, तितका वाटेत दाब घटतो. घरगुती जोडणीला ठरवून दिलेला दाब मिळावा आणि त्यात सहा टक्क्यांहून अधिक चढउतार नसावा, असे १९५६ च्या वीजनियमांनी सांगून ठेवले होते. रब्बीच्या दिवसांत शिवारातले सगळे पंप एकदम सुरू झाले, की हा नियम कागदावर राही. अशा वेळी दिवा मंद होतो, पंखा रेंगाळतो. संगणकाला मात्र मंद होता येत नाही. तो एक तर चालतो, नाही तर बंद पडतो. आपल्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. संगणकाच्या पेटीतला वीजपुरवठा संच, ज्याला दुकानात एसएमपीएस म्हणतात, पूर्ण भार असताना साधारण १६ मिलिसेकंदच तग धरेल अशा बेताने बांधलेला असतो. दिव्याची नुसती पापणी लवली, तरी यंत्र पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते.

याच प्रश्नाची छोटी आवृत्ती पेटीच्या आतही आहे. जुना ४८६ प्रोसेसर ५ व्होल्टवर चाले. २००० सालच्या अखेरीस आलेल्या पेंटियम ४ ला साधारण १.७ व्होल्ट पुरत. पण त्याची भूक ५५ वॅटच्या घरात होती. दाब इतका कमी, म्हणजे प्रवाह ३२ अँपिअरच्या आसपास! एवढा प्रवाह संचापासून मदरबोर्डपर्यंत बारीक तारांतून आणणे परवडणारे नव्हते. म्हणून त्याच वर्षीच्या नव्या मानकाने १२ व्होल्टची चार टाचण्यांची वेगळी जोडणी दिली. वीज चढ्या दाबाने आणायची आणि अगदी प्रोसेसरच्या उशाशी उतरवून घ्यायची, अशी ही व्यवस्था. परळीहून निघणाऱ्या मनोऱ्यांवरच्या वाहिन्यांमागचा विचारही हाच आहे. लांब वाटेवर प्रवाह कमी ठेवायचा, कारण तारेतली नासाडी प्रवाहाच्या वर्गाने वाढते. स्वस्त संचावर ठळक छापलेला '४५० वॅट' हा आकडाही मेगावॅटसारखाच फसवा. ती सगळ्या दाबांची मिळून बेरीज. १२ व्होल्टच्या तारेत खरोखर किती अँपिअर येतात, ते लेबलावरच्या बारीक तक्त्यात शोधावे लागते.

साहित्याच्या अभ्यासकाला याचे काय, असे कुणी विचारील. लिहिला जाणारा मजकूर जतन होईपर्यंत संगणकाच्या ज्या स्मृतीत असतो, ती स्मृती विजेवर जगते. तिच्यातल्या प्रत्येक कणाची सेकंदाला अनेकदा उजळणी करावी लागते; उजळणी थांबली की पाढे विसरले. कागदावर अर्धे लिहिलेले वाक्य दिवा गेल्यावरही अर्धे तरी उरते. इथे जतन न केलेले पान मागे खूणही ठेवत नाही. म्हणून अशा प्रदेशात यूपीएस ही चैन नव्हती, ते लेखनसाहित्यच होते. दर दोन ओळींनी 'सेव्ह' करणे ही त्या काळाची लेखनशिस्त होती. उन्हाळ्यात काळी माती भेगाळून कोरडी पडली, की अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतणे हाही त्या शिस्तीचाच भाग.

दौत, टाक, खिळे आणि छापखाने यांचा इतिहास आपण वाङ्मयेतिहासाच्या कडेला का होईना, नोंदवला आहे. २००० नंतरच्या दशकात मराठवाड्यात संगणकावर सिद्ध झालेले प्रबंध, नियतकालिके, कवितासंग्रह अभ्यासताना टंक कोणता वापरला, याची नोंद आपण करतो. त्याच्या शेजारी भारनियमनाचे वेळापत्रकही ठेवावे. एकाच भाषेत, एकाच यंत्रावर लिहिणाऱ्या दोन गावांना एकच पान पूर्ण करण्यासाठी किती वेगवेगळे श्रम पडले, हे त्यावाचून कळणार नाही.